श्रमलेल्या स्नायूंची भरपाई

उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवरील विहिरी तळ गाठतात आणि भगिनींना दरीतील झऱ्यावरून हंडे आणावे लागतात. पोटऱ्या-मांड्या भरून आल्याची तक्रार आमच्याकडे तेव्हा हमखास येते. 'सुई द्या' हा आग्रहही असतो.

व्यायामशाळेत प्रथमच वजने उचलणाऱ्या तरुणाचे अंग दुखते, त्याचेच हे रूप. चढाने थकवा येतो. ठणका मात्र बहुधा उताराचा, मग हंडा रिकामा का असेना! उतरताना ताणला जाणारा स्नायूच देह तोलून धरतो व त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवते. विश्रांती, झोप व प्रथिने लाभल्यास स्नायू भरून येतो आणि अधिक बळकट होतो.

तरुणाला सुटी मिळते. या भगिनींना नाही, आणि ताटात डाळही बेताचीच. आम्ही वाणिज्य शाखेचे. जमेविना चाललेला खर्च चटकन खटकतो. सुईने वेदना दबते, झीज भरून येत नाही. म्हणून घरच्यांनी पाणी पाळीपाळीने आणावे, तिच्या ताटात डाळ, उडीद, अंडे वाढावे. गरोदर व स्तनदा मातांनी २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेतील अंगणवाडीचे जेवण चुकवू नये. अतिश्रमानंतर लघवी काळपट-लाल झाल्यास मात्र रुग्णास विनाविलंब रुग्णालयात आणावे.