कलम २२ आणि अ‍ॅप्रेंटिसची सहा दशकं

आयटीआयत फिटर ट्रेडला प्रवेश घेतलेल्या मुलाच्या हाती आधी मशीन येत नाही, कानस येते. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा, घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फट दिसली की पुन्हा घासायचा. दोन वर्षांनी सर्टिफिकेट मिळतं, आणि ‘पुढे काय?’ या प्रश्नाला घरी-दारी ठरलेलं उत्तर असतं: अ‍ॅप्रेंटिस कर.

केंद्राची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची. १९५६ मध्ये आयटीआयचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. मग १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर ठरावीक प्रमाणात अ‍ॅप्रेंटिस घेण्याची सक्ती केली. मात्र त्याच कायद्याचं कलम २२ सांगत होतं, की शिकवून झाल्यावर नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. उमेदवारावरही ती स्वीकारण्याचं बंधन नाही! कागदावर अगदी बरोबरीचा मामला.

पिंपरी-चिंचवडसारख्या पट्ट्यात नवे कारखाने उभे राहत होते, जुने वाढत होते, तोवर हे कलम फारसं टोचलं नाही. भरती थंडावली तेव्हा अ‍ॅप्रेंटिस कोर्टाची पायरी चढले. उत्तर प्रदेशच्या एसटीतल्या शिकाऊ उमेदवारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हटलं, की बाकी गोष्टी समान असतील तर थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित अ‍ॅप्रेंटिसला प्राधान्य द्यावं. प्राधान्य द्यावं, हक्क नव्हे. शिवाय भरतीच निघाली नाही, तर प्राधान्य कशात द्यायचं?

दरम्यान शॉपफ्लोअर बदलला. परमनंट कामगाराशेजारी ठेकेदाराचा माणूस उभा राहिला. २०१३ च्या ‘नीम’ योजनेने ट्रेनी नावाची आणखी एक जात आणली. ती योजना पुढे बंद झाली. ट्रेनीचं काम लाइनवरचंच, हाती पगाराऐवजी स्टायपेंड. शिकणं कुठे संपतं आणि राबणं कुठे सुरू होतं, हे अशा ठिकाणी सुपरवायझरलाही सांगता येणार नाही.

२०१४ च्या दुरुस्तीने कलम २२ ला थोडं वळण दिलं: अ‍ॅप्रेंटिसना नोकरीत घेण्याबाबत प्रत्येक मालकाने आपलं धोरण ठरवावं. धोरण काय असावं, हे त्याच्यावरच सोडलं. त्याच दुरुस्तीने कायदा मोडणाऱ्या मालकाला असलेली कैदेची शिक्षाही काढून टाकली, दंड तेवढा राहिला.

रेल्वेने आपल्या भरतीत अ‍ॅप्रेंटिससाठी २० टक्के जागा राखल्या. पण कारखान्यांत आणि शेडमध्ये शिकून बाहेर पडलेल्यांना तेवढ्याने समाधान नव्हतं; त्यांना सरसकट सामावून घेणं हवं होतं. २० मार्च २०१८ ला ऐन सकाळच्या गर्दीत ते माटुंगा-दादर दरम्यान रुळांवर बसले. मध्य रेल्वेच्या लोकल काही तास अडकल्या, लाठीमार झाला, दगड उडाले. या कायद्याखाली शिकलेला ‘अ‍ॅक्ट अ‍ॅप्रेंटिस’ म्हणजे काय, हे मुंबईकराला त्या दिवशी लेट मार्क लागला तेव्हा कळलं.

शिकून झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न मग सरकारी कचेऱ्यांतही पोचला. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. सहा महिने काम, बारावीवाल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार. २०२५ मध्ये मुदत पाच महिन्यांनी वाढली. तीही सरत आली तेव्हा सरकारी कचेऱ्यांत काम केलेले हे प्रशिक्षणार्थी कायम करण्याची मागणी घेऊन आंदोलनाला उतरले.