प्रत्येकाचा कान वेगळा

घरातल्या कोणालाही डोळे मिटून बसायला सांगा. पावलांचा आवाज न करता त्याच्याभोवती फिरा आणि किल्ल्यांचा जुडगा कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी डोक्यावर, तर कधी पाठीमागे वाजवा. आवाज कुठून आला ते तो बोटाने बरोबर दाखवील. आता त्याला दोन्ही कान बोटांनी दुमडून धरायला सांगा, फक्त कानाचे भोक उघडे राहू द्या. डावे-उजवे अजूनही बरोबर येईल, पण वरचे आणि मागचे चुकू लागेल. वर्गात हा प्रयोग केला की मुले आम्हाला विचारतात, कान तर दोनच, मग वर-खाली कळते कसे?

डाव्या-उजव्याचे उत्तर सोपे आहे. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी आणि जरा मोठा ऐकू येतो. डाव्या कानापर्यंत तो वळसा घेऊन जातो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा असतो, तरी मेंदू तो टिपतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली ही गोष्ट मांडली.

पण अगदी समोरचा, डोक्यावरचा आणि अगदी पाठीमागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोहोचतो. तिथे कानाच्या बाहेरच्या भागाच्या वळ्या कामी येतात. वुजूमध्ये कानांचा मसह करताना शहादतचे बोट ज्या वळ्यांतून फिरते, त्याच या वळ्या. आवाज त्यांवर आपटून आत जातो तेव्हा त्यातले काही बारीक सूर दबतात, काही उठतात. कोणते दबायचे ते आवाजाच्या दिशेवर ठरते. मेंदू लहानपणापासून आपल्याच कानाची ही भाषा शिकत आलेला असतो. खालिकची कुदरत अशी की प्रत्येकाच्या वळ्या वेगळ्या, म्हणून प्रत्येकाची भाषाही वेगळी.

हेडफोनची अडचण

हेडफोन आवाज थेट कानात सोडतो, त्यामुळे वळ्यांचे काम होतच नाही. म्हणूनच साध्या हेडफोनवर तिलावत किंवा तकरीर ऐकताना आवाज समोरून नव्हे, डोक्याच्या आतून आल्यासारखा वाटतो. 'स्पेशियल ऑडिओ' म्हणजे वळ्यांचे हे काम हिशेबाने करून आवाजात आधीच मिसळणे. डोके आणि कान प्रत्येक दिशेच्या आवाजात जो बदल करतात, त्याच्या नोंदीला 'हेड रिलेटेड ट्रान्सफर फंक्शन' म्हणतात. आपण त्याला कानाचा ठसा म्हणू.

प्रश्न असा की ठसा कोणाचा घ्यायचा? अमेरिकेत १९७२ साली 'केमार' नावाचा पुतळा बनवला गेला. त्याचे डोके आणि धड प्रौढ माणसांच्या सरासरी मापाचे आहे. १९९४ साली एमआयटी या संस्थेत त्याच्या कानांत माइक बसवून घेतलेल्या नोंदी जगभर वापरल्या गेल्या. पण सरासरी मापाचा शिवलेला कुर्ता जसा कोणालाच नीट बसत नाही, तसेच इथे होते. दुसऱ्याच्या ठशावर ऐकले की समोरचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो, उंचीचा अंदाज चुकतो.

उपाय एकच, माप ज्याचे त्याचे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठाने चाळीसहून अधिक जणांच्या कानांत बारीक माइक ठेवून प्रत्येकाच्या १,२५० दिशा मोजल्या. घरोघरी हे शक्य नाही, म्हणून कंपन्यांनी फोटोचा मार्ग काढला. सोनीने २०१९ पासून अ‍ॅपमधून कानांचे फोटो घ्यायला सुरुवात केली, अ‍ॅपलने २०२२ पासून आयफोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने चेहरा आणि दोन्ही कान टिपण्याची सोय दिली. फोटोवरून ठशाचा अंदाज बांधला जातो. प्रयोगशाळेतल्या मोजमापाची बरोबरी तो करीलच असे नाही.

फोटो देण्याआधी

इथे आपल्या घरांनी थोडे थांबावे. कानाच्या फोटोसाठी आपल्या लेकीबाळींना दुपट्टा बाजूला करावा लागतो. शिवाय कानाचा आकार ही बोटांच्या ठशासारखी ओळखीची खूण आहे. काही व्यवस्थेत हिशेब फोनमध्येच होतो, काहींत फोटो कंपनीच्या सर्व्हरवर जातो. फोटो कुठे जातो, किती दिवस राहतो, पुसता येतो का, हे अ‍ॅपच्या अटींत पाहावे. उत्तर सापडले नाही तर फोटो देऊ नये. माप न देताही हेडफोन चालतो.

मग ही सारी खटपट कोणासाठी? नुसते ऐकण्यासाठी असेल तर फायदा थोडा आहे. पण जिथे दिशा हाच अर्थ असतो, तिथे तो मोठा आहे. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली 'साउंडस्केप' हे अ‍ॅप काढले. दृष्टिहीन माणसाला चौक, दुकान, बसथांबा कोणत्या दिशेला आहे ते त्या दिशेने आलेल्या आवाजातून कळावे, हा त्याचा हेतू. २०२३ साली कंपनीने ते बंद केले, पण त्याचा कोड सर्वांसाठी खुला केला. अशा माणसाला समोरचा आवाज मागून ऐकू आला तर ती गैरसोय राहत नाही, धोका होतो. तो आवाज त्याच्या स्वतःच्या कानाप्रमाणेच असायला हवा.

एक दिलासाही आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९८ साली काही जणांच्या कानांच्या वळ्यांत साचे बसवून त्यांचा आकारच बदलला. आधी त्यांना वर-खाली कळेना, पण काही आठवड्यांत मेंदू नव्या कानाला सरावला. नंतर साचे काढले तेव्हा जुनी ओळखही शाबूत होती. उर्दू शिकले म्हणून मराठी विसरत नाही, तसेच हे. म्हणजे माप थोडे चुकले तरी सरावाने बरेच जमते.

सरावाने भरून येत नाही तो मोठ्या आवाजाने बिघडलेला कान. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास, ही मर्यादा सांगितली आहे. हेडफोन कोणताही घ्या, मुलांच्या फोनमधली आवाजाची मर्यादा आजच लावून ठेवा. रस्त्यावर चालताना दोन्ही कान मोकळे ठेवायला सांगा. मागून येणारी गाडी कुठून येते आहे, हे त्यांचे स्वतःचे कानच त्यांना सांगतील.