साफ फोटोवाल्यांची डबी

सकाळी 6.00
ब्राह्मणपुरीत क्षयरोगाचं शिबिर लवकर लावावं लागतं. माणसं पपईच्या, कापसाच्या कामाला निघाली की मागे उरतात म्हातारी आणि आजारी. एक्स-रेची पारख फक्त त्यांच्यावर केली, तर धडधाकट माणसांत तो किती चुकतो हे कळायचंच नाही. म्हणून 15 वर्षांवरच्या सगळ्यांची घरवार यादी केलीय. आशाताई आदल्या संध्याकाळीच सांगून आल्यात.

7.30
हातात धरायचं यंत्र, छातीचा फोटो, आणि संगणकाने लगेच दिलेले गुण. 2019-21च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात एक्स-रे नसता तर 42.6 टक्के रुग्ण निसटले असते, तेव्हा फोटो हवाच. पण किती गुणांवर ‘संशयित’ म्हणायचं ते आम्ही आधीच लिहून, सह्या करून ठेवलंय. निकाल बघून रेघ सरकवली की कुठलंही यंत्र हुशार दिसतं.

9.30
दिवसाची खरी लढाई इथे. संशयित फोटोवाल्यांचा बेडका घ्यायचा, खोकला-ताप असलेल्यांचाही घ्यायचा, यावर वाद नाही. पण फोटो साफ आणि तक्रारही नाही, अशांतल्या काहींचाही घ्यायचा, तोही चिठ्ठीने.

“मना फोटो साफ शे ना, मंग थुंकी कसाले?” एक आबा विचारतात. प्रश्न रास्त आहे. पाकिटातून त्यांच्या क्रमांकाची चिठ्ठी निघाली, एवढंच माझं उत्तर. आशाताईंना वाटतं, त्यांच्याऐवजी शेजारचा हडकुळा पोरगा घ्यावा. तसं करता येत नाही. नजरेने निवडलं की हिशेब कलतो. आबा शेवटी ओट्यामागे जाऊन खाकरतात. डबीत नुसती लाळ. पाणी पिऊन, खोल श्वास घेऊन पुन्हा.

11.30
तालुक्याचे साहेब येतात. डब्या फुकट जातात, ही त्यांची तक्रार. वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवतो. समजा 1000 माणसं, 100 संशयित, त्यांत 8 रुग्ण. बाकीच्यांकडे बघितलंच नाही, तर आठांपैकी आठ सापडले, यंत्र शंभर नंबरी! आता उरलेल्या 900 मधून चिठ्ठीने 90 घेतले आणि एकच रुग्ण निघाला, तर 900 मध्ये साधारण 10 धरावे लागतात. म्हणजे 18 पैकी 8, निम्मेसुद्धा नाहीत. साहेब लगेच पकडतात: “एका माणसावर एवढा डोलारा?” बरोबर. तो एक निघाला नाही, तर आकडा पुन्हा शंभरावर जातो. म्हणूनच 90 पुरत नाहीत, डब्या आणखी लागतात. हे ऐकून त्यांचा चेहरा उतरतो.

2.00
बर्फाच्या पेटीतून नमुने प्रयोगशाळेकडे. सोबत फक्त क्रमांक. फोटोत काय दिसलं ते तिथे कळता कामा नये.

4.00
दोन डॉक्टर तेच फोटो वेगवेगळे वाचतात. दोघांनाही ना एकमेकांचं मत ठाऊक, ना संगणकाचे गुण. मतं जुळत नाहीत तेव्हा नवे लोक गोंधळतात. 1947 मध्ये जेकब येरुशाल्मी यांनी छातीच्या फोटोंचाच अभ्यास मांडला, तेव्हाही नावाजलेल्या वाचकांची मतं आपसांत जुळत नव्हती. एकाच वाचकाचं मत दुसऱ्या वाचनात बदलत होतं. आम्ही मतभेद खोडत नाही, नोंदवतो. तिढा तिसरा वाचक सोडवतो.

6.30
साहेबांचा फोन: “मग किती टक्के?” कल्चरचा, म्हणजे बेडक्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, निकाल यायला सहा आठवडेही लागतात. तोवर टक्केवारी नाही, त्यांनाही नाही. उद्याच्या वस्तीसाठी पाकिटं भरायला घेतो. डब्या वाढवून मागितल्याचं पत्र त्यांच्याच टेबलावर आहे.