कोयत्याची मूठ आणि पोलादाचे पाणी

वेदगंगेच्या मळीत वाढलेला ऊस तोडीला येऊन बिद्री आणि हमीदवाडा येथील साखर कारखान्यांची धुराडी धुमसू लागली, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या पंचक्रोशीत ज्या एका हत्याराची मागणी एकाएकी वाढते ते हत्यार कोयता होय. आणि ज्याच्या धारेवर साऱ्या गाळप हंगामाचा भार असतो, मुकादमाच्या वहीत ज्याच्या नावाने नवरा-बायकोच्या जोडीची नोंद होते आणि त्या नोंदीवर उचल दिली जाते, त्या हत्याराविषयी शास्त्रीय कुतूहलाने चार शब्द लिहावेत असे आमच्या शिक्षित वर्गास फारसे कधी वाटलेले नाही. लोहाराच्या भट्टीत जे घडते ते कसब, आणि प्रयोगशाळेत जे घडते ते विज्ञान, अशी जी वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे, ती किती निराधार आहे हे समजून घ्यावयाचे असेल तर कोयत्याइतके उत्तम पाठ्यपुस्तक दुसरे मिळणे कठीण.

हा विषय मनात घोळू लागला तो उत्तर युरोपातील लाकडी मुठीच्या सुऱ्यांचे वर्णन वाचताना. स्वीडनच्या डालार्ना प्रांतात सिल्यान नावाच्या विस्तीर्ण सरोवराच्या काठी मोरा हे गाव आहे. अमेरिकेत काही वर्षे राबून मायदेशी परतलेल्या फ्रॉस्ट-एरिक एर्सन या गृहस्थाने त्या गावाच्या शेजारी १८९१ मध्ये लाकूड ओढण्याच्या घसरगाड्यांचा कारखाना काढला, आणि पुढे गाड्या मागे पडून तेथील सुऱ्याच जगभर गेल्या. भूर्ज वृक्षाच्या लाकडाची, पुष्कळदा तांबड्या रंगाने रंगवलेली, मध्यभागी किंचित फुगीर असलेली साधी मूठ. वीतभराहून लहान पाते. आणि बोट पुढे सरकू नये म्हणून आडवी पट्टीसुद्धा नाही, कारण ते काम मुठीच्या त्या फुगवट्यानेच साधलेले. सरपणाच्या ढलप्या काढणे, मासा साफ करणे, दोर तोडणे, लाकडाचा चमचा कोरणे अशी रानातली शेकडो कामे एकाच सुरीने करावयाची, ही तिकडची रीत आहे. फिनलंडमध्ये उनो सिग्नेयुस या शिक्षणतज्ज्ञाच्या आग्रहाने १८६६ पासून लोकशाळांत हस्तकौशल्य हा आवश्यक विषय झाला, आणि त्यामुळे सुरी हे लेखणीच्या बरोबरीचे शालेय साधन ठरले. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी बसवण्याचा जो विचार मांडला गेला, त्याच्या आधी सात दशके एका थंड आणि गरीब देशाने तो अमलात आणला होता.

आता भट्टीकडे वळू. आपल्याकडे चांगल्या कोयत्यासाठी पसंत केले जाते ते मोटारीच्या जुन्या पाट्याचे पोलाद. त्यात कार्बनचे प्रमाण साधारणपणे अर्धा टक्का किंवा त्याहून थोडे अधिक असते, आणि हा अर्धा टक्काच सगळा चमत्कार घडवतो. लोहाराची भट्टी बहुधा छपराखाली, अंधुक सावलीत असते, याचे कारण तापलेल्या पोलादाचा रंग उन्हात नीट ओळखता येत नाही आणि रंग हाच त्याचा तापमापक असतो. सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाच्या अणूंची मांडणी पालटू लागते, आणि या नव्या मांडणीत कार्बनचे अणू सहज सामावून जातात. याच क्षणी पाते पाण्यात बुडवले, तर लोखंडाचे अणू आपल्या पूर्वीच्या मांडणीकडे परतू पाहतात. परंतु आत शिरलेल्या कार्बनला बाहेर पडण्यास अवधीच मिळत नाही, तो जागच्या जागी अडकतो, आणि त्याच्या अडकण्याने जी ताणलेली, विलक्षण कठीण अशी रचना निर्माण होते तिला अडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून मार्टेन्साइट असे म्हणतात. आमचा लोहार ज्याला हत्याराला पाणी देणे म्हणतो, ते हेच.

पण खरे कसब पुढे आहे. कठीण झालेले पोलाद ठिसूळही होते. तसेच ठेवले तर उसाच्या पहिल्या दहा घावांतच धारेचे तुकडे उडतील. म्हणून जाणता कारागीर सगळे पाते न बुडवता केवळ धारेकडची बाजू पाण्यात धरतो, सांडशीने उचलून दगडावर एकदा घासून धारेवरची काजळी काढतो, आणि मग निश्चल उभा राहून पाहत राहतो. पाठीकडे शिल्लक राहिलेली उष्णता हळूहळू धारेकडे उतरू लागते, आणि उजळलेल्या धातूवर रंगांची एक रांग सरकू लागते: सुमारे २२० अंशांना गवतासारखा फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. हे रंग धातूचे नसून त्यावर चढणाऱ्या ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म थराचे असतात. थर जसजसा जाड होतो तसतशी प्रकाशलहरींची एकमेकींत होणारी गुंतागुंत बदलते आणि डोळ्याला निराळा रंग दिसतो. लाकूड कोरण्याच्या सुरीला पिवळ्यावर थांबवले तरी चालते, कारण तिला आघात सोसावयाचा नसतो. कोयत्याला मात्र जांभळ्या-निळ्याच्या सीमेपर्यंत येऊ द्यावे लागते, म्हणजे थोडी कठिणता सोडून देऊन त्या बदल्यात चिवटपणा पदरात पडतो. इष्ट रंग धारेशी पोहोचला की पाते पुन्हा पाण्यात. हा सगळा निवाडा काही क्षणांचा असतो, आणि तो ज्या डोळ्याने होतो त्या डोळ्याला शास्त्रज्ञाची दृष्टी म्हणण्यास मला मुळीच संकोच वाटत नाही.

कठीण धार आणि मऊ पाठ यांचा हा संयोग मोराच्या कारागिरांनी वेगळ्या मार्गाने साधला: मधोमध कठीण पोलादाचा पातळ थर आणि त्याच्या दोन्ही अंगांना मऊ पोलादाचे अस्तर. आपल्याकडेही पोलाद दुर्मिळ आणि महाग होते त्या काळी मऊ लोखंडाच्या पात्याला धारेपुरतेच पोलाद तापवून सांधण्याची चाल होती.

धारेच्या भूमितीत मात्र दोन्ही मुलखांची वाट अगदी वेगळी होते, आणि ती का वेगळी होते हे पाहण्यासारखे आहे. उत्तरेकडील सुरीच्या पात्याला दोन्ही बाजूंनी एकेकच रुंद सपाट उतार असतो आणि तो थेट धारेपर्यंत जातो. दोन उतारांमधील कोन बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या घरात असतो. तो उतार सहाणेवर सपाट टेकवला की पाजवण्याचा कोन आपोआप साधतो, त्यामुळे नवशिक्या मुलालाही धार लावता येते. आणि लाकूड तासताना तोच उतार लाकडावर टेकून पात्याला दिशा देतो. कोयत्याचे काम तासण्याचे नाही, घावाचे आहे. त्याचे वजन मुठीपासून पुढे, पात्याच्या रुंद भागाकडे सारलेले असते, आणि घावाची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे दूर असलेले ते वजन वेगाने फिरले की हाताचे श्रम वाचतात. पात्याला आतल्या बाजूस दिलेला बाक उसाला निसटू देत नाही, शिवाय धार उसावर सरळ न आदळता किंचित सरकत जाते, आणि सरकत कापणारी धार दाबून कापणाऱ्या धारेपेक्षा कमी बळात तंतू तोडते.

उसाच्या सालीत सिलिका असते. वाळूचा मुख्य घटक असलेला हा पदार्थ गवताच्या कुळातील वनस्पती जमिनीतून शोषून आपल्या पेशींत साठवतात, आणि त्यामुळे उसाचे प्रत्येक कांडे धारेला थोडेथोडे झिजवीत असते. तोडकरी दिवसातून अनेकदा बांधावर बसून कोयत्यावर कानस फिरवतो ते यामुळे. ही धार केवळ त्याच्या सोयीची बाब नाही. उसाच्या बुडख्याकडच्या कांड्यांत साखर सर्वांत अधिक असते, म्हणून तोड जमिनीलगत व्हावी लागते. आणि बोथट कोयत्याने बुडखा चिरफाळला तर त्या चिरांतून बुरशी आत शिरते व पुढच्या खोडव्याचे फुटवे अशक्त होतात. म्हणजे एका कानशीच्या चार फटकाऱ्यांत पुढल्या वर्षाच्या पिकाचा काही अंश दडलेला असतो.

मुठीकडे आपले लक्ष सर्वांत कमी जाते, वस्तुतः हाताचा संबंध येतो तो तिच्याशीच. पोलादातून उष्णता लाकडापेक्षा काहीशे पटींनी अधिक सहज वाहते. त्यामुळे लॅपलंडच्या हिवाळ्यात शून्याखाली वीस अंशांना लोखंडी मूठ हातातील ऊब शोषून बोटे बधिर करील, आणि एप्रिलच्या उन्हात मुरगूडच्या शिवारात बांधावर पडलेला कोयता पात्याकडून उचलवणार नाही. दोन्हीकडे उपाय मात्र एकच, लाकूड. घावाचा हादरा मनगटापर्यंत पोहोचण्याआधी बराचसा जिरवण्याचा गुणही लाकडात आहे. फिनलंडचा कारागीर यासाठी गाठाळ, पिळदार रेषांचे भूर्जाचे लाकूड निवडतो, कारण ज्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात ते सहजी फाटत नाही. काही जण तर भूर्जाच्या सालीच्या चकत्या एकावर एक दाबून मूठ करतात, आणि ती ओल्या हातातही घसरत नाही. आमच्याकडे तोच मान बाभळीचा. जड, चिवट, सहसा न फाटणारे हे लाकूड मुठीला घेतात, तोंडाशी लोखंडी कडी बसवतात, शेवटाला गड्डा ठेवतात म्हणजे घामेजल्या हातातून कोयता सुटत नाही, आणि पात्याची निमुळती शेपटी लाल तापवून त्या लाकडात ठोकतात, म्हणजे ती आपली जागा स्वतःच जाळून घेते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उन्हाळ्यात मूठ हलू लागली की कोयता रात्रभर पाण्यात टाकून ठेवण्याची सवय पुष्कळांना असते. लाकूड ओले झाले की आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळपास फुगत नाही. फुगलेल्या लाकडाला बाहेरून कडी आणि आतून शेपटी हलू देत नाहीत, म्हणून आतले तंतू चेंगरतात. सकाळी मूठ घट्ट वाटते. परंतु वाळल्यावर ते चेंगरलेले तंतू पूर्ववत न होता आक्रसतात, आणि मूठ आधीपेक्षाही सैल होते. पुरते वाळलेले लाकूड मुळातच वापरणे आणि हंगामाच्या आधी व नंतर मुठीला जवसाचे तेल पाजणे, हाच खरा इलाज.

गावगाड्यात लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर फाळ शेवटायचे, विळे-खुरपी पाजवायची, आणि सुगीला खळ्यावर धान्याचे बलुते न्यायचे. ज्या गावी लोहार नसेल तेथे घिसाड्यांचे बिऱ्हाड रस्त्याकडेला भाता लावून बसे, आणि ऐरणीवर घण घालण्याचे काम त्यांच्या स्त्रिया करीत. या साऱ्या लोकांचे ज्ञान हातातून हाताकडे गेले, कोणाच्याही दप्तरात त्याची नोंद झाली नाही, आणि जातीच्या उतरंडीने त्याला शास्त्राचा दर्जा कधी मिळू दिला नाही. आता तर शहरांतील गुन्ह्यांच्या बातम्यांत कोयत्याचे नाव वारंवार येऊ लागले आहे, आणि नव्या पिढीला त्याची ओळख दहशतीचे साधन म्हणून होत आहे, याचे मला मनापासून दुःख वाटते. परंतु फिनलंडच्या ज्या ऑस्ट्रोबोथ्निया भागात कौहावा हे सुऱ्यांचे प्रख्यात गाव आहे, तोच भाग एकोणिसाव्या शतकात सुरे परजणाऱ्या गुंडांच्या टोळ्यांसाठी कुप्रसिद्ध होता. आज त्याच देशात उत्तम घडणीची सुरी सन्मानपूर्वक भेट दिली जाते. हे परिवर्तन घडले, कारण तेथील लोकांनी आपल्या कारागिरांची नावे जपली, त्यांची घडण अभ्यासली आणि मुलांच्या हाती सुरी देऊन तिचा उपयोग शिकवला.

कोल्हापूर ही ओतकामाची नगरी आहे. येथील ओतशाळांत धातूची कठिणता मोजणारी यंत्रे रोजच्या वापरात असतात, आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधीत हिंडत असतात. त्यांतील एखाद्याने कागल तालुक्यातील लोहारांकडून एकेक कोयता रीतसर किंमत देऊन विकत घ्यावा, धार, मध्य आणि पाठ या तिन्ही ठिकाणी त्याची कठिणता मोजावी, लाकडाची जात आणि वजन टिपावे, भट्टीसमोर बसून पाणी देण्याची कृती शब्दशः उतरवून घ्यावी, आणि त्या नोंदीवर करणाऱ्या लोहाराचे नाव त्याच्या संमतीने सर्वांत वर लिहावे. हे काम येत्या हंगामात होऊ शकते, आणि भट्टीपाशी बसणारे जुने हात आहेत तोवरच ते करून घेतले पाहिजे.