स्पीकरच्या खोक्यात कोणती वायर टाकाल?



कन्हेरी-काटेवाडीच्या शिवारात कुणालाही विचारा, विहिरीवरच्या मोटारीला कशी केबल टाकायची? उत्तर ठरलेलं असतं : "जाड टाका. बारीक टाकली तर मोटार जळते." हे अगदी खरं आहे. खांब एकीकडे आणि विहीर लांब, त्यामुळे बारीक तारेत दाब पडतो.

पण घरी प्लायवूडचा स्पीकर बॉक्स बनवायला घेतला की आपण हाच नियम तिथेही लावतो. दुकानदार जाडजूड, चकचकीत, "ऑक्सिजनमुक्त तांब्याची" महागडी वायर दाखवतो आणि खिशातले पैसे तिच्यावर जातात. मग चांगला स्पीकर घ्यायला पैसे उरत नाहीत! म्हणून आज जरा हिशोब करून बघू.

नववीचं सूत्र आठवा

'धारा विद्युत' या पाठात तुम्ही शिकलात की तारेचा रोध लांबीबरोबर वाढतो आणि जाडीबरोबर, म्हणजे काटछेदाच्या क्षेत्रफळाबरोबर, कमी होतो. तांब्याची रोधकता सुमारे १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर आहे. म्हणजे १ चौ. मिमी. जाडीच्या १ मीटर तांब्याच्या तारेचा रोध झाला ०.०१७ ओहम.

आता खोक्यात वायर किती लागते? मागच्या टर्मिनलपासून स्पीकरपर्यंत अर्धा मीटर. जाणारी आणि येणारी मिळून १ मीटर. म्हणजे ०.०१७ ओहम. समोर स्पीकर आहे ८ ओहमचा. वायरीत वाया जाणारी शक्ती शंभरातला ०.२ भाग!

बरं, १ ऐवजी अडीच चौ. मिमी.ची वायर टाकली तर? रोध ०.००७ ओहम होईल. आवाजात फरक पडेल एका डेसिबलच्या शंभराव्या भागाइतका. तो कोणाच्याच कानाला कळत नाही.

आणखी एक गंमत सांगतो. स्पीकरच्या आत जी व्हॉईस कॉईल असते, ती बारीक तारेचे कितीतरी मीटर गुंडाळूनच बनवलेली असते. क्रॉसओव्हरमधल्या कॉईलचा रोधही ०.३ ओहम वगैरे असू शकतो. एवढ्या सगळ्या तारेतून जाणाऱ्या प्रवाहाला शेवटच्या अर्ध्या मीटर वायरीचं काय कौतुक? "ऑक्सिजनमुक्त" आणि साध्या चांगल्या तांब्याच्या रोधातला फरकही जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असतो.

मग जाड वायर कुठे हवी?

जिथे लांबी आहे तिथे. समजा जत्रेत स्पीकर ५० मीटर लांब ठेवला. जाऊन-येऊन तार झाली १०० मीटर आणि रोध १.७ ओहम. आता शंभरातले सतराहून जास्त भाग वायरच खाते. इथे मोटारीच्या केबलचा नियम बरोबर लागू पडतो. कर्ण्यांसाठी १०० व्होल्टची लाईन वापरतात ती याच कारणाने : व्होल्ट जास्त, प्रवाह कमी आणि प्रवाह कमी म्हणून वायरीतली गळतीही कमी.

दुकानात काय मागायचं?

१) दुकानात २३/७६ किंवा ४०/७६ असे आकडे ऐकू येतात. पहिला आकडा म्हणजे तारेतले धागे, दुसरा म्हणजे एका धाग्याची जाडी : ०.००७६ इंच. २३/७६ म्हणजे सुमारे ०.६७ चौ. मिमी. आणि ४०/७६ म्हणजे सुमारे १.१७ चौ. मिमी. घरच्या ५० वॉटच्या बॉक्सला ८ ओहमवर अडीच अँपिअर प्रवाह लागतो. २३/७६ पुरते, ४०/७६ घेतली तर निश्चिंत.

२) अनेक धाग्यांचीच घ्या, एकाच जाड तारेची नको. बॉक्स सतत थरथरतो आणि एकेरी तार सोल्डरच्या मुळाशी तुटू शकते.

३) खरं तांबं आहे का ते बघा. धागा ब्लेडने खरवडा. वरून तांबूस आणि आत पांढरा निघाला तर आत ॲल्युमिनियम आहे. त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त आणि सोल्डरही नीट धरत नाही. वरून पांढरा, आत तांबूस असेल तर घाबरू नका, ते कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं आहे.

४) लाल-काळी जोडवायर घ्या.

खरी चूक इथे होते

नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड! एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत टेपचा चिकटा सुटतो आणि जोड सैल होतो. अशा जोडाचा रोध अर्धा ओहम जरी झाला, तरी तो १ चौ. मिमी.च्या जवळपास ३० मीटर वायरीएवढा! म्हणून जोड सोल्डर करा किंवा घट्ट थिंबल लावा.

दुसरी चूक उलटसुलट जोडणीची. दोन सारख्या वूफरपैकी एक उलटा जोडला, तर एकाचा कोन बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि बास नाहीसा होतो. मग आपण दोष वायरीला देतो! ट्वीटर मात्र क्रॉसओव्हरच्या आकृतीप्रमाणेच जोडा, काही आकृत्यांत तो मुद्दाम उलटा असतो.

वायर लाकडावर सैल सोडू नका, फडफडते. क्लिपने बांधा. वायरीचं भोकही बुजवा, नाहीतर हवा शिट्टी मारते.

करून पाहा

दीड व्होल्टचा सेल घ्या. धन टोक वूफरच्या लाल खुणेच्या टर्मिनलला आणि ऋण टोक दुसऱ्याला क्षणभरच लावा. कोन बाहेर आला तर खूण बरोबर. (हा प्रयोग फक्त सेलवर करायचा, घरातल्या प्लगवर कधीही नाही.) मग आपल्या बॉक्समधली वायर मोजा आणि वरच्या सूत्राने तिचा रोध काढा. उत्तर वहीत लिहा आणि ठरवा, उरलेले पैसे वायरीवर घालायचे की चांगल्या वूफरवर?