गाडी आली, पण पाणी पोहोचलं का?

मोहल्ल्यात आग लागली की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "फायर ब्रिगेडची गाडी आली, पण तिच्यात पाणीच नव्हतं." आमच्या मागच्या गल्लीत रद्दीच्या गोदामाला आग लागली होती, तेव्हा आम्हीही हेच बोललो होतो. पुढे एप्रिलच्या अग्निशमन सप्ताहात शहरातल्या केंद्रावर गाड्या, होजपाईप आणि फोमच्या साहित्याची तपासणी चालली होती. ती बघायला आम्ही मुलांना घेऊन गेलो. मुलांना सायरन ऐकायचा होता, आम्हाला एक जुना प्रश्न विचारायचा होता. तो ऐकून तिथले अधिकारी हसले. "गाडी रिकामी येत नाही हो," ते म्हणाले, "इथे येऊन रिकामी होते. किती मिनिटांत, त्याचा हिशेब करा."

हिशेब सोपा आहे. समजा गाडीची टाकी ४५०० लिटरची आहे. २० मिलिमीटर तोंडाच्या नोझलमधून ५ बार दाबाने पाणी सोडलं, तर मिनिटाला सुमारे ६०० लिटर जातं. म्हणजे साडेसात मिनिटांत टाकी संपली. दोन नोझल चालू केले तर चार मिनिटंही पुरत नाही. (एक बार म्हणजे साधारण दहा मीटर उंच पाण्याचा दाब. तीन मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्याच्या नळाला जेवढ्या जोराने येतं, साधारण तेवढा.) म्हणून पहिल्या गाडीचं काम आग रोखून धरायचं असतं. तेवढ्यात मागून टँकर यायला हवा, नाहीतर जवळ हायड्रंट, विहीर किंवा जमिनीखालची टाकी सापडायला हवी.

त्यामुळे गाडी तपासताना जवान तिचा रंग आणि दिवे बघत नाहीत, पंप बघतात. उघड्या टाकीत किंवा विहिरीत जाड सक्शन पाईप सोडतात, पंप सुरू करतात आणि पाणी वर यायला किती सेकंद लागले ते घड्याळात मोजतात. पंप पाणी "ओढतो" असं आपण म्हणतो, पण खरं तर तो आतली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब कागदावर दहा मीटरपर्यंत पाणी चढवू शकतो, पण प्रत्यक्षात सात मीटरच्या आसपास गाडी अडते. विहिरीचं पाणी त्याहून खोल गेलं असेल तर कितीही महागडी गाडी आणा, वरून ओढता येणार नाही. सक्शन पाईपच्या जोडात एक रबरी वॉशर असतो. तो सुकून तडकला असेल तर हवा आत शिरते आणि पंप नुसता घरघरतो. दहा-वीस रुपयांच्या वस्तूसाठी लाखोंची गाडी आगीसमोर उभी राहू शकते, म्हणून हा वॉशर ते बोटाने चाचपून बघतात.

मग पंप दमतो का, हे पाहायचं. अमेरिकेत एनएफपीएच्या मानकांनुसार पंप २० मिनिटं पूर्ण क्षमतेने चालवतात, नंतर दाब वाढवून ७० टक्के पाण्यावर १० मिनिटं, आणि आणखी दाब वाढवून निम्म्या पाण्यावर १० मिनिटं. दाब वाढला की पाणी कमी मिळतं, हा पंपाचा स्वभावच आहे. तीन मिनिटांच्या प्रात्यक्षिकात सगळेच पंप चांगले दिसतात. विसाव्या मिनिटाला इंजिन तापलं की खरं काय ते कळतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र होजपाईपच्या तपासणीला लागला, आणि आमची मुलंही तिथेच रमली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ६३ मिलिमीटर व्यासाचा होज वापरतात, १५ किंवा ३० मीटरच्या लांबीत. बाहेरून विणलेलं कापड, आतून रबराचं अस्तर. जवानांनी सगळे होज मैदानावर सरळ अंथरले आणि प्रत्येक कपलिंगच्या मागे, जिथे कापड धातूत शिरतं तिथे, पेन्सिलने एक रेघ मारली. मग होज पाण्याने भरला, आतली हवा पूर्ण काढून टाकली आणि दाब चढवून काही मिनिटं तसाच ठेवला. दाब उतरवल्यावर रेघ कपलिंगपासून दूर सरकलेली दिसली, तर होज कपलिंगमधून निसटायला लागलाय असं समजायचं. तो बाजूला काढला जातो. हवा आधी काढायचं कारण असं की दाबलेल्या हवेसकट होज फुटला तर तो सापासारखा उसळतो आणि जवळच्या माणसाचं हाड मोडू शकतो. नुसतं पाणी असलं तर फुटल्याबरोबर दाब उतरतो.

आग विझवून आल्यावर होज धुवून वाळवावा लागतो, नाहीतर कापड कुजतं. बऱ्याच केंद्रांत सरावासाठी उंच मनोरा असतो, त्यावरूनच अनेक ठिकाणी होज लटकवून वाळवतात. गुंडाळून ठेवलेल्या होजची घडीही अधूनमधून बदलतात, कारण एकाच घडीवर रबर चिरतं. आमच्या अम्मी पेटीतल्या जरीच्या साड्यांच्या घड्या बदलतात, अगदी तसंच.

आता त्या मागच्या गल्लीकडे येऊ. गाडीची रुंदी सुमारे अडीच मीटर. गल्ली कागदावर चार मीटरची असते, पण दोन्ही बाजूंचे ओटे, जिन्याची बाहेर आलेली पायरी, विजेचा खांब, टपऱ्या आणि रांगेने लावलेल्या मोटारसायकली वजा केल्या की उरतं काय? गाडी नाक्यावरच थांबते. तिथून जळत्या घरापर्यंत १२० मीटर अंतर असेल तर ३० मीटरचे चार होज जोडावे लागतात. पाण्याने भरलेल्या ३० मीटर होजमध्ये ९० लिटरहून जास्त पाणी असतं, म्हणजे ९० किलोहून जास्त वजन. असे चार. भरलेला होज वळणावरून ओढायला किती माणसं लागतात, ते ज्याने एकदा ओढलाय त्यालाच विचारा.

शिवाय होजच्या आतल्या घर्षणात दाब खर्च होतो. मिनिटाला ६०० लिटर पाणी १२० मीटर नेताना सुमारे २ बार जातात. घर चौथ्या मजल्यावर असेल तर उंचीपायी आणखी एक-सव्वा बार. नोझलवर ५ बार हवे असतील तर पंपाला ८ बारच्या वर द्यावे लागतात. तेही जमतं. पण लोक ओरडतात, "पाणी वाढवा!" त्याच होजमधून दुप्पट पाणी पाठवायचं म्हटलं तर घर्षण दुप्पट होत नाही, चौपट होतं. २ चे ८ बार होतात. म्हणून जाणकार अधिकारी दाब न वाढवता दुसरी लाईन टाकायला सांगतो. बाहेर उभ्या असलेल्यांना तो वेळकाढूपणा वाटतो. आम्हालाही तो वाटला होता.

नोझल धरणाऱ्याचा विचारही तपासणीत होतो. वर सांगितलेल्या नोझलचा मागे ढकलणारा जोर सुमारे ३२ किलो असतो. एक माणूस तो फार वेळ पेलू शकत नाही, अरुंद ओल्या जिन्यावर तर नाहीच. म्हणून नवीन नोझल घेताना ते हातात देऊन, गुडघ्यावर बसवून, हातमोजे घालून झडप उघडता-बंद करता येते का, हे पाहतात. कॅटलॉगमध्ये हे कळत नाही.

पाणी आणि फोम यांतला फरक समजावताना अधिकाऱ्यांनी १४ एप्रिलची आठवण काढली. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि जवळच स्फोटकं. ९०० टनांहून जास्त पाणी आत ओतलं गेलं, पण धुरात आगीचं मूळच सापडेना. दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले आणि आग गोदीच्या बाहेर वस्त्यांपर्यंत गेली. शेकडो माणसं गेली, त्यांत ६६ अग्निशामक होते. देशभर अग्निशमन सप्ताह १४ एप्रिललाच सुरू होतो तो त्यामुळे.

भिवंडी आणि मालेगावच्या आपल्या यंत्रमागवाल्या भावांना कापसाच्या आगीचा हा स्वभाव चांगला ठाऊक आहे. वरून गाठ विझलेली दिसते, आत धग राहते, आणि रात्री दोन वाजता पुन्हा धूर. घट्ट दाबलेल्या गाठीवरून पाणी ओघळून जातं, आत शिरत नाही. अशा वेळी पाण्यात थोडासा "क्लास ए" फोम मिसळतात. तो साबणाच्या जातीचा असतो. पाण्याचा ताण कमी करून तो त्याला सुतात मुरवतो. तेच पाणी, पण काम कितीतरी जास्त.

तेलाच्या आगीचा फोम वेगळा. पेट्रोल-डिझेल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे पाणी मारलं की आग वाहत पसरते. इथे फोमची चादर अंथरून तेल आणि हवा यांना वेगळं करायचं असतं. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईजवळच्या बुचर बेटावर डिझेलची टाकी पेटली होती, अशा ठिकाणी फोमशिवाय इलाज नसतो. पण फोमचे डबे केंद्रात रचून ठेवले म्हणजे तयारी झाली, असं नाही. ३ टक्केवाला फोम म्हणजे १०० लिटर मिश्रणात ३ लिटर फोम. मिनिटाला २२५ लिटर सोडणाऱ्या फोम नोझलला २० लिटरचा एक कॅन तीन मिनिटं पुरतो. कॅन उघडत राहायला वेगळा माणूस लागतो. फोम ओढणारं उपकरण आणि नोझल एकाच मापाचे नसतील, किंवा मधला होज फार लांब असेल, तर फोम ओढलाच जात नाही आणि नोझलमधून साधं पाणी येतं. हे आगीच्या वेळी कळून उपयोग नाही.

तपासायची रीत मात्र घरगुती आहे. एक लिटरच्या भांड्यात फेस भरून वजन करतात. १२५ ग्रॅम भरलं तर फेस आठपट फुगलाय. मग त्यातलं पाव पाणी खाली उतरायला किती वेळ लागला ते बघतात. लवकर उतरलं तर चादर टिकणार नाही. मिश्रणात फोम किती टक्के आहे, हे एका छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रात थेंब टाकून पाहतात. नाशिकचे द्राक्षबागायतदार गोडी मोजायला ज्या जातीचं यंत्र वापरतात, त्याच जातीचं.

दोन गोष्टी बदलत आहेत. अत्तर-परफ्युम आणि सॅनिटायझरच्या गोदामांत स्पिरिट असतं, पेट्रोलमध्येही आता इथेनॉल असतं. साधा फोम अल्कोहोलवर विरघळून जातो, तिथे वेगळ्या जातीचा फोम लागतो. आणि तेलासाठी वर्षानुवर्षं वापरलेल्या फोममधली फ्लोरीनची रसायनं माती-पाण्यात नष्टच होत नाहीत. त्यातल्या पीएफओएसवर २००९ मध्ये स्टॉकहोम करारात निर्बंध आले, पीएफओएला कर्करोग संशोधनाच्या जागतिक संस्थेने २०२३ मध्ये कर्करोगकारक ठरवलं. फ्लोरीन नसलेले फोम येत आहेत, पण ते जास्त जाड आणि हळुवार अंथरावे लागतात, म्हणून जुन्या नोझलवर ते चालतील का याची चाचणी नव्याने करावी लागते. सरावात हा फेस उघड्या गटारात सोडू नये, एवढी मागणी नागरिक म्हणून आपण करू शकतो.

घरातल्या तेलाचं मात्र इथेच सांगून टाकतो, कारण इफ्तारच्या घाईत भजी तळताना हे होतं. कढई पेटली तर पाणी टाकू नका. पाण्याची वाफ होताना ती सुमारे १७०० पट फुगते आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करा, झाकण किंवा दुसरं ताट कडेने सरकवून ठेवा, आणि कढई हलवू नका. आवरत नसेल तर घराबाहेर पडून १०१ किंवा ११२ ला फोन करा.

परत येताना आम्ही अधिकाऱ्यांना विचारलं, आमच्या वॉर्डासाठी मोठी गाडी मागावी का? "मोठी मागून काय करता," ते म्हणाले, "आहे ती आत येत नाही. आधी तुमची गल्ली मोजून आणा."

म्हणून आम्ही मोजली. हे आपल्या घरचंच आहे म्हणून स्पष्ट लिहितो: जुम्याच्या वेळी मस्जिदीकडच्या तोंडाला गाड्या अशा लागतात की सायकलही निघत नाही, आणि रमजानच्या संध्याकाळी त्याच तोंडावर सिलिंडर ठेवलेल्या हातगाड्या असतात. सगळ्यात अरुंद जागा निघाली २ मीटर १० सेंटिमीटर, एका जिन्याची पायरी आणि विजेच्या खांबाच्या मध्ये. नाक्यापासून शेवटच्या घरापर्यंत १४० मीटर, म्हणजे ३० मीटरचे पाच होज. मधल्या वाड्यात एक जुनी विहीर आहे. दोरी सोडून पाहिलं तर पाणी पाच मीटरवर होतं, पण विहिरीवर लोखंडी जाळी बसवून कुलूप लावलेलं आहे. हे सगळं एका कागदावर काढून आम्ही केंद्रावर दिलं. त्यांनी तो कागद ठेवून घेतला आणि एकच प्रश्न विचारला: विहिरीच्या कुलपाची चावी रात्री कुणाकडे असते? ती कुणाकडे आहे हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. आता एक चावी मस्जिदीच्या दप्तरात आहे आणि दुसरी नाक्यावरच्या बेकरीत, कारण बेकरी रात्रभर उघडी असते. पायरीबद्दल घरमालकांशी बोलणं चालू आहे.