मूठ ढिली करा

माझे वडील गोल्फच्या मैदानावर कॅडी आहेत. सुट्टीत मी तिथल्या सरावाच्या पट्टीवर चेंडू गोळा करतो. कुणी पाहत आहे असे वाटताच नवखा खेळाडू काठी आवळून धरतो. मग मनगटे, खांदे ताठरतात, फटक्याचा झोक अर्ध्यातच तुटतो आणि ४६ ग्रॅमांहून हलका चेंडू पुढ्यात घरंगळतो. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांना विजेचे धक्के देऊन शिकवले (बिचारे उंदीर!). धडा अवघड असला, की सौम्य धक्काच अधिक उपयोगी पडला. वडिलांना अक्षरओळख नाही. ते एवढेच सांगतात, "साहेब, आधी श्वास सोडा, मूठ ढिली करा, अर्धाच फटका मारा."

दिवाळीत त्यांच्यादेखत मी प्रथमच काठी धरली. सारे पाठ होते. चेंडू तीन हातांवर थांबला.

"श्वास सोड," ते म्हणाले.